गिरणीच्या पोटातलं पीठ

मी एक जुनी दळणाची गिरणी आहे, मित्रांनो. सुदानच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत उम्म-सुनूत नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेच्या मागे, पत्र्याच्या खोलीत, मी बत्तीस वर्षं उभी आहे. जागची कधी हलले नाही. तरी या गावातला एकही माणूस मला अनोळखी नाही, कारण भूक लागली की सगळे माझ्याच दाराशी येतात.

माझं इंजिन तुमच्याच मुलखात, कोल्हापूरच्या एका ओतशाळेत ओतलं गेलं. जहाजाने समुद्र ओलांडला, मग नऊ दिवस लॉरीत हादरे खाल्ले, तेव्हा ते इथे पोचलं. माझे दोन दगड मात्र इथले आहेत. मागच्या डोंगरातला काळा खडक निवडून ते घडवले गेले. ज्यांनी ते घडवले, त्यांचा मुलगा बरशम मला चालवू लागला. हातात पाना धरणाऱ्याला इथे उस्ता म्हणतात, म्हणून तो उस्ता बरशम.

पहिल्या दिवशी त्याने हँडल फिरवलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. इंजिन धडधडलं, पट्टा फिरला, पत्रा थरथरला, आणि माझ्या तोंडून ज्वारीचं पहिलं पीठ पडलं. त्याने ते तळहातावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाला, "अजून थोडं बारीक पाहिजे." ती सवय त्याला शेवटपर्यंत राहिली.

ती वर्षं चांगली होती. सुगी झाली की सकाळपासून बायकांची रांग लागे. कोणाला असीदा, म्हणजे घट्ट उकड, शिजवायला जाडसर पीठ हवं असे, कोणाला किस्र्याच्या पातळ पोळ्यांसाठी वस्त्रगाळ. माझ्या दारात लग्नं ठरली, भांडणं झाली, बाळंतपणाच्या बातम्या आल्या. बरशम फारसा बोलत नसे. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी तो मला पुसून काढी आणि महिन्यातून एकदा बाहेरचा दगड उतरवून छिन्नीने टाकी लावी.

रांगेत सगळ्यांत मोठा आवाज कल्तूमाचा असे. ही बाई बाजारात भाजलेले शेंगदाणे विकायची. नवरा विहीर खणताना गेला, तेव्हापासून ती एकटीने घर ओढत होती. बरशमला बोलल्याशिवाय तिचं दळण पुरं होत नसे.

"उस्ता, मी डबा काठोकाठ भरून आणला होता. पीठ बघ कुठवर आलंय."

"पीठ बसतं, कल्तूमा. हलवलं की बसतं."

"बसतं ना. तुझ्या गिरणीच्या पोटात जाऊन बसतं. दर खेपेला माझा एक घास खाते ती."

"लोखंडाची आहे ती. तिला कसली भूक?"

"लोखंडाची आहे म्हणूनच म्हणते. आपलं पोट भरतं तरी."

बायका हसत. मलाही राग येत नसे, कारण तिचं अगदीच चुकत नव्हतं. कुठल्याही गिरणीत थोडं पीठ अडकून राहतं. दगडांच्या मागे, पेटीच्या कोपऱ्यात, वरच्या वाशांवर ते थरावर थर बसत जातं.

मग गावात वीज आली. बाजारात एकाने बटणावर चालणारी गिरणी आणली. तिला धूर नव्हता, धडधड नव्हती. बायका तिकडे जाऊ लागल्या. मी त्यांना दोष देत नाही. बरशम मात्र रोज सकाळी दार उघडून बसे. कधी दोन गिऱ्हाइकं येत, कधी एकही नाही. एका कोंबडीने माझ्या वरच्या पेटीत अंडी घातली, तर त्याने तिला एकवीस दिवस उठवलं नाही. माझ्या बोल्टांवर गंज चढला. आता आपल्याला कोणी विचारणार नाही, असं मला वाटायचं.

मित्रांनो, तसंच झालं असतं तर बरं झालं असतं.

लढाई सुरू झाली. कोण कोणाशी आणि कशासाठी लढत होतं, ते मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा वीज गेली, आणि बटणावरची गिरणी मुकी झाली. बायका परत माझ्या दारात आल्या. बरशमने गंज खरवडला, पट्टा बदलला, आणि मी पुन्हा चालू लागले. मला आनंद झाला होता, ते लपवत नाही. पुढे काय होणार आहे याची मला कल्पना नव्हती.

मग रस्ते बंद झाले. दोन्हीकडच्या बंदुका रस्त्यावर, आणि मधे आमचं गाव. शेतावर जाणारी माणसं परत येईनाशी झाली, म्हणून लोकांनी शेतं सोडली. बाहेरून धान्य येईना.

पेटीत काय ओतलं ते मला नुसत्या आवाजावरून कळतं. ज्वारीचा दाणा गारांसारखा वाजतो. पहिल्या वर्षी ज्वारी कमी झाली आणि तिच्यात कोंडा वाढला. नंतर शेंगदाण्याची पेंड आली. तेल गाळून उरलेली ही पेंड इथे गाढवांना आणि बकऱ्यांना घालतात. ती ढेकळांनी आली, तेव्हा बरशमने एक ढेकूळ हातात घेऊन पाहिलं.

"जनावरासाठी ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो," ती बाई म्हणाली. तिच्या घरी जनावर उरलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने ती पेंड नेहमीपेक्षा बारीक दळली.

पुढे गवताचं बी आलं, मुठीमुठीने वेचलेलं. मग रानातली कडू फळं आली. तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून बदलून कडूपणा काढायचा आणि वाळवून दळायची. घाई केली तर पोटात कळा येतात. त्या फळांच्या आवाजावरून मला कळायचं की कोणी घाई केली आहे. दगडाला चिकट ओल लागायची. पण मला बोलता येत नव्हतं, आणि बोलले असते तरी घरात रडणारं पोर तीन दिवस कसं थांबलं असतं?

शाळा केव्हाच बंद पडली होती. तिथले तिया मास्तर आता मदत समितीचं काम बघत. आवारातल्या कडुनिंबाखाली दोन मोठी पातेली चढवून, मिळेल ते शिजवून, माणशी एक पळी वाढत. मास्तर उंच होते आणि डोक्याला भलामोठा पांढरा फेटा बांधत. पूर्वी मुलं त्यांना घाबरायची. आता तेच मुलांसमोर उभं राहायला घाबरत, असं ते एकदा बरशमजवळ बोलून गेले.

मे महिन्याच्या सुरुवातीला मास्तर धापा टाकत माझ्या खोलीत आले.

"उस्ता, तीस लॉऱ्या निघाल्यात. ज्वारी आहे, वाटाणा आहे, तेल आहे. औषधंसुद्धा."

"कुठवर आल्यात?"

"नदीपलीकडच्या नाक्यावर. तिथे अडवल्यात. कागद बघतायत म्हणे."

"कागद किती दिवस बघणार?"

मास्तर बाजेवर बसले. "ज्वारी सबंध दाण्याची येणार. दळल्याशिवाय पोरांच्या पोटाला चालणार नाही. तुझ्याकडे डिझेल किती आहे?"

बरशमने कोपऱ्यातला डबा उचलून हलवला. "आठ लिटर."

"मग आजपासून गिरणी बंद. एक थेंबही जाळायचा नाही. लॉऱ्या येईपर्यंत."

आणि मी बंद झाले. बायका पेंड घेऊन येत आणि दार लोटलेलं पाहून परत जात. एक जण बाहेरूनच म्हणाली, "डिझेल राखून ठेवलंय म्हणे. पोरं संपली की मग दळणार का?" बरशमने ऐकलं. तो उठला, डब्याकडे गेला, आणि परत येऊन बसला.

रोज सकाळी नदीच्या दिशेने माणसं कान देत. लॉरीचा आवाज यावा म्हणून. पण दुसराच आवाज यायचा, वरून, माशीच्या गुणगुणीसारखा. तो आला की गर्दी पांगायची. गर्दी दिसली की त्या बिनमाणसाच्या उडत्या यंत्रातून बॉम्ब पडतो, हे गावाने बाजारात एकदा पाहिलं होतं. मास्तर रोज सांगत, "उद्या येतील, इन्शाल्ला." अकराव्या दिवसापासून त्यांनी 'उद्या' म्हणायचं सोडून दिलं.

सोळाव्या दिवशी सकाळी कल्तूमा आली. बाजारात तिचा आवाज चार दुकानं ओलांडून जायचा. त्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली तरी बरशमला कळलं नाही. तिच्या पाठीला कोशे बांधलेली होती. ही तिची नात, तीन वर्षांची. कोशेचे आईबाप शेतावर गेलेले परत आले नव्हते. पोरीचं डोकं आजीच्या खांद्यावर पडलं होतं आणि ती माश्या हाकलत नव्हती.

कल्तूमाने अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबच्या पदराखालून एक वाळवून पोखरलेला दुधीचा भोपळा काढला. तोंडाला मेण लावून बंद केलेला. तिने मेण फोडलं आणि थोडे दाणे बरशमच्या हातावर ओतले. पांढरी, टपोरी, एकसारखी ज्वारी. इतक्या दिवसांत मी असा दाणा पाहिला नव्हता.

"दळून दे," ती म्हणाली.

बरशम त्या दाण्यांकडे बघत राहिला. "हे बियाणं आहे, कल्तूमा."

"मला माहीत आहे. मीच निवडून ठेवलं. एकेक कणीस हातात घेऊन."

"महिन्याभरात पाऊस येईल. मग काय पेरशील?"

"पेरलेलं खायला कोशे असायला हवी ना?" तिने पोरीचा दंड तोबमधून बाहेर काढला. "काल दवाखान्यात पट्टी लावली. लाल आली. नर्स म्हणाली, पातळ पेज पाज. कशाची पाजू ते तिनेही सांगितलं नाही."

दवाखान्यातली नर्स मुलांच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळते. हिरव्यावर आली तर मूल ठीक, पिवळ्यावर आली तर काळजी, आणि लाल आली तर फार दिवस हातात नाहीत. गावात सगळ्यांना हे रंग पाठ झाले होते.

"घरी कुटलं असतंस," बरशम म्हणाला.

"मुसळ उचलून बघितलं. चार घाव घातले आणि चक्कर येऊन पडले. आणि कुटायचा आवाज गल्लीत जातो, उस्ता. सहा घरांतून पोरं वाडगा घेऊन उभी राहतील. त्यांना मी काय सांगू?"

बरशमने डिझेलच्या डब्याकडे पाहिलं. इंजिन एकदा चालू करायचं म्हणजे गरम होईपर्यंतच अर्धा लिटर जातं. तेवढ्यात पाच-सहा घरांचं दळण झालं असतं. आणि बियाणं संपलं असतं. दळलं नाही तर ही पोर. माझ्या मनात भीती दाटली होती, मित्रांनो. दोन्हीकडून काहीतरी मरणारच होतं, आणि ते माझ्याच दगडांखाली.

मग त्याने ते दाणे एकेक करून परत भोपळ्यात टाकले, भोपळा तिच्या हातात दिला आणि भिंतीवरचा मोठा पाना काढला.

"हे काय करतोस?" कल्तूमाने विचारलं.

"तू बत्तीस वर्षं म्हणतेस ना, ही माझं खाते म्हणून. बघू किती खाल्लंय."

त्याने माझं पोट उघडलं. गंजलेले बोल्ट सुटेनात, तेव्हा तेलाचा शेवटचा थेंब त्यांना लावला. समोरचं झाकण निघालं. बाहेरचा दगड दोघांनी मिळून कसाबसा ओढून भिंतीला टेकवला. कोशेला बाजेवर निजवून कल्तूमा आत हात घालून बसली. आतल्या दगडाच्या मागे, जिथे कोणाचा हात कधी पोचला नव्हता, तिथे पिठाची चार बोटं जाड पोळी साचली होती. वर पेंडीचा काळा थर होता, तो तिने सोडून दिला. खाली जुनी ज्वारी होती, चांगल्या वर्षांची. तिने ती चमच्याने खरवडली. बरशमने बाजेवर चढून वाशे झाडले, पेटीचे सांधे उकलले. इतकी वर्षं मी ज्या माणसांचं दळलं, त्यातली कितीतरी आता नव्हती. त्यांचा एकेक घास माझ्याजवळ होता.

कल्तूमाने ते सगळं आपल्या तोबमधून तीनदा चाळलं. लोखंडाचा चुरा, दगडाची कच आणि किडे काढले. पिठाला खवट वास होता, पण ते पीठ होतं. चार वाट्या भरल्या.

"सगळं घेऊन जा," बरशम म्हणाला.

"दोन वाट्या माझ्या. दोन मास्तरांच्या पातेल्यात टाक."

"अगं, पोर बघ तुझी."

"बघितलीय. आणि उद्या त्या बाकीच्या आयांकडेही बघायचंय मला." तिने कोशेला पाठीशी बांधलं. दारात वळून म्हणाली, "दगड एकट्याने उचलू नकोस. हिला पेज पाजून येते, मग दोघं मिळून चढवू."

ती गेली. घटकाभरात तिया मास्तर आले. या वेळी ते चालत नव्हते, पळत होते.

"सोडलं त्यांना. सगळ्यांना नाही, पण सोडलं. उद्या दुपारपर्यंत इथे असतील." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. झाकण जमिनीवर, दगड भिंतीला, बोल्ट एका ताटलीत. "उस्ता, हे काय करून ठेवलंस?"

"लावतो. आत्ता लावतो."

मास्तर पुढच्या तयारीला धावले. बरशमने कल्तूमाची वाट पाहायला हवी होती. पण लॉऱ्या येणार आणि गिरणी उघडी पडलेली, हे त्याला सहन होईना. त्याने दगडाला मिठी मारली. पूर्वी तो हा दगड एकट्याने सहज उचलायचा. त्याच्या दंडांना ते आठवत होतं, पण त्या दंडांत आता काही उरलं नव्हतं. दगड गुडघ्यापर्यंत आला, थरथरला आणि सुटला. त्याचा उजवा हात खाली सापडला.

तो खाली बसला आणि हाताकडे बघत राहिला. माझाच दगड होता तो. बत्तीस वर्षं त्याने ज्याला टाकी लावली, तोच.

कल्तूमा आली तेव्हा तिने आधी त्याला शिव्या दिल्या, मग पदर फाडून हात बांधला. दोन बोटं चेचली होती. दवाखान्यात मिठाच्या पाण्याने धुण्यापलीकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरशम बाजेवर पडून होता आणि कल्तूमाच्या हातात पाना होता. तिने गल्लीतल्या तीन बायका आणल्या होत्या. दोघींनी दोर धरला, एकीने मुसळ खाली घालून दगड उचकटला, आणि चौघींनी मिळून तो जागेवर चढवला.

"आता बोल्ट. उजवीकडे पीळ," बरशम म्हणाला.

"पिळतेय."

"उजवीकडे, कल्तूमा."

"हीच उजवी."

"ती माझी उजवी. तुझी उजवी ज्या हाताने जेवतेस ती."

"जेवून इतके दिवस झाले, विसरले मी," ती म्हणाली, आणि बाजेवरचा तो माणूस तापातही हसला.

दोन दगडांमधली फट किती ठेवायची हे सांगता येत नाही, बोटांना कळावं लागतं. बरशमने डाव्या हाताने तिचा हात धरून तिला ते समजावलं.

दुपारी लॉऱ्या आल्या. तीस निघाल्या होत्या, अकरा पोचल्या. औषधांच्या लॉऱ्या नाक्यावरच अडकून राहिल्या होत्या. पोती शाळेत उतरली. कोणी धक्काबुक्की केली नाही, कोणी नाचलं नाही. लोक पोत्यांना हात लावून बघत होते, एवढंच. घरटी ज्वारी वाटली गेली. मग तिया मास्तर माझ्या दारात उभे राहिले.

"डिझेल आठ लिटर आहे. सगळ्यांचं दळून होणार नाही. ज्या घरात पोराची पट्टी लाल आहे, त्यांचं आधी. मग ज्यांना दात नाहीत ती म्हातारी माणसं. बाकीच्यांनी दाणे भिजवून, रटरट शिजवून खावेत."

कुजबुज झाली. एक पुरुष म्हणाला, "आणि पिवळ्यावाल्यांनी लाल व्हायची वाट बघायची का?" मास्तर म्हणाले, "मला दुसरं काही सुचत नाही रे. तुला सुचत असेल तर सांग." तो माणूस रांगेत मागे जाऊन उभा राहिला.

आणखी एक काळजी होती. मी चालू लागले की माझ्या धडधडीत आकाशातली ती गुणगुण कोणालाच ऐकू येणार नव्हती, आणि दारात तर ही गर्दी. मास्तरांनी डोक्याचा फेटा सोडला आणि ते शाळेच्या छपरावर चढले. काही दिसलं तर फेटा हलवायचा, तो दिसला की गिरणी बंद करायची, असं ठरलं.

कल्तूमाने हँडल मारलं. इंजिनने नुसता धूर टाकला. दुसऱ्यांदा मारलं, तेव्हाही धरलं नाही.

"नळीत हवा शिरलीय," बरशम बाजेवरून म्हणाला. "छोटा नट सैल कर. डिझेल ठिबकू दे."

"सांडू?"

"दोन थेंब सांडल्याशिवाय बाकीचं चालणार नाही."

तिसऱ्या वेळी मी सुरू झाले. पेटीत ज्वारी पडली. गारांसारखा तो आवाज मी दोन वर्षांनी ऐकला. पीठ पडू लागलं, तसं कल्तूमाने ते तळहातावर घेतलं आणि बरशमपुढे नेलं. त्याने अंगठ्याने चोळलं. "अजून बारीक," तो म्हणाला. "लहान पोरांसाठी आहे."

लाल पट्टीच्या घरांची रांग चालू लागली. कल्तूमाने आपला डबा शेवटी सरकवला, तेव्हा बरशम चिडला. "मूर्खपणा करू नकोस. तुझी पोर लालमधे आहे. तुझा नंबर येईल तेव्हाच टाक." तिने तसं केलं.

नवव्या घराचं दळण चालू असताना छपरावर फेटा हलला. कल्तूमाने झटक्यात इंजिन बंद केलं. बायका भिंतीला, झाडाला चिकटल्या. कोणीतरी बरशमच्या बाजेवर अंग टाकून त्याला झाकलं. मला पळता येत नाही. अर्धा दाणा दगडांत धरून मी तशीच उभी राहिले. ती गुणगुण जवळ आली, डोक्यावर आली, तिथेच घुटमळली. एक पोर खोकलं, आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग तो आवाज नदीच्या दिशेने गेला, आणि बऱ्याच वेळाने लांबून एक धमाका ऐकू आला. तो कुठे झाला, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. कल्तूमाने पुन्हा हँडल मारलं. पुन्हा सुरू करण्यात किती डिझेल जळतंय, हे तिला दिसत होतं.

सगळ्या लाल पट्टीच्या घरांचं दळून झालं. म्हाताऱ्यांपैकी सात जणांचं झालं. आठव्या आजीबाईची ज्वारी पेटीत असताना इंजिनने दोन आचके दिले आणि ते थांबलं. डबा उपडा केला, तरी काही पडलं नाही.

"निम्मं दळलंय, आजी. बाकी भरडा आहे," कल्तूमा म्हणाली. "माझा इलाज नाही."

"इलाज नाही ते दिसतंय मला," आजी म्हणाली. "पण गिळायचं मला आहे." तिने पीठ आणि भरडा वेगवेगळा बांधून घेतला आणि काठी टेकत गेली.

तीन आठवड्यांनी कोशेच्या दंडाला पट्टी लावली, ती पिवळी आली. तोवर बरशम नव्हता. त्याच्या हाताची जखम चिघळली. लाल रेघ मनगटावरून वर चढली. जे औषध त्याला हवं होतं, ते नदीपलीकडे लॉरीत पडून होतं, इथून दीड दिवसाच्या वाटेवर. बाराव्या दिवशी तो गेला. आदल्या संध्याकाळी त्याने बाज माझ्याजवळ आणायला लावली होती. डाव्या हातात छिन्नी घेऊन तो कल्तूमाला टाकी लावायला शिकवत होता.

"घाई करू नकोस. बोथट दगडाने पीठ जळतं."

"कळलं."

"आणि कोणाला कमी लेखू नकोस. पेंड घेऊन आली तरी."

"मी कोणाला कमी लेखणार?" ती म्हणाली. "मीच पेंड आणली होती तुझ्याकडे. तू मला विचारलंस, जनावरासाठी का म्हणून."

तो म्हणाला, "विचारायला नको होतं."

आता ऑगस्ट चालू आहे, मित्रांनो. कल्तूमाने ते बियाणं घराच्या मागे पेरलं. ज्वारी कमरेएवढी झाली आहे, पण कणसात दाणा भरायला अजून तीन महिने आहेत. वाटलेलं धान्य जुलैतच संपलं. लॉऱ्या पुन्हा निघाल्या आहेत म्हणतात. पुन्हा त्याच नाक्यावर उभ्या आहेत म्हणतात. पावसाने नदी भरत चालली आहे. ती पूर्ण भरली की नाका उघडला तरी उपयोग नाही.

रोज सकाळी कल्तूमा दार उघडते. माझ्या पट्ट्यावरची धूळ झटकते, दगडांवरून हात फिरवते, रिकामा डबा हलवून बघते आणि उंबऱ्यात बसते. कोशे तिच्या शेजारी बसते. परवा तिने माझ्याकडे बोट करून आजीला विचारलं, "ही आज बोलणार?" कल्तूमा म्हणाली, "बघू."

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कधी भुकेल्यांसाठी मूठभर धान्य पाठवलं, तर ते पाठवलं म्हणजे जेवण झालं, असं समजू नका. दाण्याला पोराच्या पोटात जायला वाट लागते. उघडा नाका लागतो, डिझेल लागतं, धार असलेला दगड लागतो, आणि तो उचलणारा एक धडधाकट हात लागतो. यातलं एक जरी अडलं, तरी दाणा पोत्यातच राहतो. म्हणून धान्याबरोबर वाटेचीही चौकशी करा. कुठे अडलं आहे, कोणी अडवलं आहे, हे विचारत राहा. मोठे झालात आणि एखाद्या नाक्यावर कागद बघायची पाळी तुमच्यावर आली, तर लवकर बघा.

जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, आम्हाला सांभाळा. मला पुसायला कल्तूमा आहे. मला फक्त दळण पाठवा.